देवासाठी लिहिलंय म्हणून चालून जातं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही चार वर्षांपासून मंडळीसाठी (म्हणजे चर्चसाठी) गीतं आणि एका ख्रिस्ती मासिकासाठी मननं, म्हणजे बायबलच्या वचनावरचे छोटे लेख, लिहिताय. ऐकणारे ‘आशीर्वाद मिळाला’ म्हणतात. मग ख्रिस्ती नसलेल्या एका मैत्रिणीला लेख वाचायला दिलात. ती दुसऱ्या परिच्छेदाशी थांबली आणि ‘छान आहे’ म्हणाली. आता तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: दर्जासाठी धडपडणं हा गर्व तर नाही ना, आणि नसेल तर सुधारणा नेमकी कुठून सुरू करायची.

गर्वाचा मुद्दा आधी उरकतो, तो लहान आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात बसालेल नावाच्या कारागिराला देवाच्या आत्म्याने भरलं असं सांगितलंय. कशासाठी? सोनं, रुपं, पितळ घडवायला, रत्नं कोंदणात बसवायला, लाकूड कोरायला. पहिला इतिहास या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात मंदिरातल्या गायकांची मोजदाद २८८ दिली आहे, आणि ते शिकून तयार झालेले होते हेही तिथेच लिहिलंय. स्तोत्र ११९ मध्ये हिब्रूची २२ अक्षरं ओळीने घेऊन प्रत्येक अक्षराची आठ-आठ वचनं रचली आहेत, एकूण १७६. हे डोळे मिटून एका रात्रीत उतरलेलं नाही, कोणीतरी बोटं मोजत बसलं होतं. त्यामुळे ‘हे गीत आत्म्याने दिलंय, त्यात बदल करायचा नाही’ हा युक्तिवाद मला पटत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूकसुद्धा सुरुवातीच्या चार वचनांतच सांगतो की सगळ्याचा मुळापासून शोध घेतला आणि मग क्रमाने लिहून काढलं. गर्व कुठे शिरतो ते ओळखायची खूण साधी आहे. गीत एकट्या गायकालाच गाता येतं आणि बाकीची मंडळी तोंडाकडे बघत उभी राहते, असं झालं की गायक मोठा झाला, गीत तिथेच राहिलं.

तुमची खरी अडचण वेगळीच आहे. चार वर्षांत तुम्हाला कोणी चूक दाखवलेली नाही. विषय पवित्र असला की ऐकणारा विषयाला दाद देतो, आणि लिहिणाऱ्याला वाटतं की ती लिखाणाला मिळाली. वधस्तंभाचं नाव निघालं की पुढच्या बाकावरच्या आजींच्या डोळ्यांत पाणी येतं. ते पाणी खरं असतं, पण त्यात तुमच्या तिसऱ्या कडव्याचा वाटा किती हे त्यावरून कळत नाही. मैत्रिणीचा थांबलेला डोळा ही चार वर्षांतली तुमची पहिली खरी समीक्षा आहे, तिच्यावर रागावू नका.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या कबूल करून पुढे जातो. उद्या सकाळी मातीसाठी, म्हणजे दफनविधीसाठी, गीत हवंय तर कारागिरी बाजूला ठेवा. सगळ्यांना पाठ असलेली चाल घ्या, चार सोप्या ओळी लिहा, झालं. रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी शब्द वेगळे, दुःखात असलेल्या कुटुंबासाठी वेगळे. फक्त मंडळीतच वाचलं जाणार असेल तर मंडळीचे शब्द वापरायला काहीच हरकत नाही. पुढचं सगळं मी गृहीत धरून लिहितोय की तुमच्याकडे वेळ आहे आणि वाचक मंडळीबाहेरचाही असू शकतो.

सुरुवात शब्दांपासून करा, कारण मैत्रीण बहुतेक तिथेच अडकली. ‘तारण’ घ्या. मंडळीत याचा अर्थ कोणी विचारत नाही. बाहेर ‘सोनेतारण कर्ज’ असा फलक गल्लोगल्लीच्या पतसंस्थेवर असतो. ‘त्या दिवशी माझं तारण झालं’ हे वाक्य पहिल्यांदाच वाचणाऱ्याला तुम्ही गहाण पडलात असं वाटलं तर दोष त्याचा नाही. ‘साक्ष’ म्हटलं की त्याला कोर्ट आठवतं. ‘मंडळी’ म्हणजे घरची माणसं, जुन्या पिढीत तर थेट बायको. ‘पाळक’ हा छपाईत चुकलेला ‘पालक’ वाटतो. आणि ‘मला त्या गावाचं ओझं मिळालं’ हे वाचून तो हमालाचा विचार करतो. हे शब्द टाकून द्या असं मी म्हणत नाही, त्यांना शतकांचा इतिहास आहे. पण बाहेरच्या वाचकासमोर शब्द पहिल्यांदा आणाल तेव्हा त्याच्याआधी ती गोष्ट साध्या क्रियापदात सांगा: सोडवलं, वाचवलं, हात धरून बाहेर काढलं. पुढच्या वाक्यात ‘तारण’ आला तरी मग तो अंगावर येत नाही.

दुसरा प्रकार आहे अनुवादातून आलेल्या वाक्यांचा. ‘प्रभूने मला आशीर्वादित केले.’ ‘देवाने माझ्या जीवनात महान कार्य केले.’ ‘मी प्रभूमध्ये आनंदित आहे.’ ही वाक्यं इतक्यांदा कानावर पडलेली असतात की ती मराठी नाहीत हे आपल्या लक्षातच येत नाही. माझी चाचणी अशी: हे वाक्य मी स्वयंपाकघरात आईशी बोलताना म्हणेन का? आई म्हणते ‘देवाने निभावलं’, ‘देवाने कमी पडू दिलं नाही’, ‘त्याच्या दयेने तरलो’. यात श्रद्धा तसूभरही कमी नाही आणि वाक्य मराठीच्या पायांवर उभं आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही पिढ्यान्‌पिढ्या वाचली, त्याचं मोठं कारण हेच. त्यांचं लिखाण घरातल्या बोलण्याच्या मराठीत आहे आणि त्या स्वतःवर हसू शकतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेही नुसतं मंडळीपुरतं लिहून नव्हे. दार बंद नाही. आपणच बऱ्याचदा आतून कडी लावून बसतो.

एक काळजी मात्र घ्या. ‘मंडळीबाहेरचा वाचक’ म्हणताना आपण दुसऱ्या पंथाचा ख्रिस्ती वाचक विसरतो. तुम्ही ‘प्रभुभोजन’ लिहिता, वसईचा कॅथलिक वाचक मिस्सा आणि ख्रिस्तप्रसाद म्हणतो. तुमचे पाळक, त्याचे फादर. मासिक दोन्हीकडे जात असेल तर जो शब्द वापराल तो लेखभर एकच ठेवा. हाच नियम ‘येशू म्हणाला’ की ‘म्हणाले’ यालाही लावा. प्रार्थनेत देवाला ‘तू’ म्हणणं ही मराठीची जुनीच सवय आहे, विठोबालाही कोणी ‘अहो’ म्हणत नाही. पण कथनात एका परिच्छेदात एकवचन आणि पुढच्यात आदरार्थी असं झालं की वाचणाऱ्याच्या दाताखाली खडा येतो. बायबलचं भाषांतरही एकच धरा. जुन्या भाषांतरातलं अर्धं वचन आणि सोप्या मराठीतलं अर्धं जोडलं की शिवण लगेच दिसते.

शुद्धलेखनाचं थोडक्यात, कारण ते पुस्तकात मिळतं. भक्ती, स्तुती, शांती, प्रभू हे शब्द सुटे असताना शेवट दीर्घ. समासात पहिलं पद झाले की ऱ्हस्व: भक्तिगीत, स्तुतिगीत, शांतिदाता, प्रभुभोजन. उपासनेच्या पत्रिकांवर सर्रास ‘भक्तीगीत’ छापलेलं असतं. क्रूस, पण क्रुसावर. ‘पुनरुत्थान’ मधला रु ऱ्हस्व. आणि ‘आशीर्वाद’ मधला रफार ‘वा’वर, ‘शी’वर नाही. ‘आर्शिवाद’ ही चूक ख्रिस्ती पत्रिकांत तर होतेच, लग्नपत्रिकांतही होते, म्हणून तिची आपल्याला लाज वाटेनाशी झाली आहे.

आता गीतं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त बिघाड इथे होतो आणि तो दुरुस्तही सर्वांत सहज होतो.

ख्रिस्ती मराठी रचनेला मराठी छंद काही नवे नाहीत. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट या कॅथलिक संघाचा इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये तिथल्याच रायतूरला छापलं गेलं. मध्ये ३७ वर्षं गेली. जवळपास अकरा हजार ओव्या आहेत, आणि ओवी त्याने घेतली ती इथले लोक पुराण ओवीतच ऐकत होते म्हणून. पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन हाताशी धरलं. म्हणजे नमुने घरातच आहेत. तरी आज बहुतेक जण कुठलाही छंद न मोजता ओळी लिहितात, मग कीबोर्डवाल्याला म्हणतात ‘बसव कुठेतरी’.

मोठ्या अभंगाचं माप बघा. चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. आता ही ओळ घ्या, अशा ओळी दर आठवड्याला कुठे ना कुठे लिहिल्या जातात:

प्रभू येशू माझा । जगाचा तारक । त्याने मला दिले । जीवन नवीन ॥

पहिले तीन चरण मापात आहेत. चौथ्यात सहा अक्षरं आहेत, हवी होती चार. ही दोन अक्षरं नुसता कागदावरचा दोष नाही. आखूड चौथा चरण हीच गाणाऱ्याची विसाव्याची जागा असते, तिथे स्वर लांबतो, टाळकरी श्वास घेतात. ती भरून टाकली की पुढच्या कडव्याला सगळे धापा टाकत पोचतात. यमक नाही, म्हणून ओळ पाठ राहत नाही. आणि तिसरा दोष सर्वांत मोठा: यात दिसत काहीच नाही. तारक, जीवन, नवीन ही फक्त नावं आहेत, ती कुठल्याही गीतात बसतील. आता योहानाच्या १३व्या अध्यायात येशू पेत्र आणि इतर शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग समोर ठेवून तेच माप भरू:

तारक वाकला । धरिले पाऊल । लाजेची चाहूल । पेत्रामनी ॥

६-६-६-४ भरलं, पाऊल-चाहूल यमक बसलं. ‘तारक’ शब्द तोच राहिला, पण आता तो वाकलेला दिसतो. ‘पेत्रामनी’ थोडं ओढून आणलंय, मी आणखी आठवडाभर ते घासेन. पण आता घासायला काहीतरी आहे. पहिल्या ओळीत कुठलाही शब्द बदलला तरी फरक पडत नव्हता.

इंग्रजी चालींवर लिहीत असाल तर गणित बदलतं. तिथे अक्षरांची संख्या पुरत नाही, आघात कुठे पडतो ते बघावं लागतं. ८-६-८-६ मापाच्या बहुतेक जुन्या चाली ठेक्याच्या आधी, हलक्या मात्रेवर सुरू होतात: हलकी-जड, हलकी-जड. मराठीत जड म्हणजे गुरू (लांब उच्चाराचं अक्षर), हलकी म्हणजे लघू (आखूड उच्चाराचं). आता ‘येशू तुझी दया मोठी’ ही आठ अक्षरांची ओळ त्या चालीवर ठेवा. ‘ये’ गुरू आहे आणि तो हलक्या मात्रेवर पडतो, म्हणून तो चिमटला जातो आणि ‘यिशूऽ’ ऐकू येतं. ‘मोठी’चा ‘मो’ही तसाच गिळला जातो. मंडळी जोरात गातात आणि तारणाऱ्याचंच नाव चुकीचं उच्चारतात. दुरुस्ती अशी: ‘प्रभू तुझी दया किती’. प्र-भू, तु-झी, द-या, कि-ती, चारही जोड्या लघू-गुरू. पुढची सहा अक्षरांची ओळ ‘मला कळे न ती’, तीही तशीच. ज्यांनी शाळेत वृत्तं घोकली असतील त्यांच्या लक्षात येईल की आठ अक्षरांची ही ओळ म्हणजे प्रमाणिका वृत्त. इंग्रजी चालीला बसणारं माप आपल्याकडे आधीपासून नाव घेऊन बसलेलं आहे. म्हणून माझा ठोकताळा: चाल ठेक्यावर सुरू होत असेल तर ‘येशू’ने सुरुवात करा, ठेक्याआधी सुरू होत असेल तर ‘प्रभू’, ‘तुझी’, ‘मला’, ‘दया’, ‘कृपा’ यांपैकी काही.

याच चालींत आणखी एक खड्डा आहे. आपण ‘जीवन’ लिहितो तीन अक्षरांत आणि बोलतो दोन ठोक्यांत, जी-वन. ‘तारक’चंही तसंच. अभंगात तीनही अक्षरं मोकळी गायली जातात, सवय आहे. इंग्रजी चालीवर मात्र अर्धे लोक जी-वन म्हणतात, अर्धे जी-व-न, आणि कडव्याच्या मध्येच दोन गट पडतात. उपाय दोन. ओळीतले महत्त्वाचे शब्द शेवटी दीर्घ स्वर असलेले निवडा, किंवा छापील पत्रकावर ‘जी-व-न’ असं तोडून द्या. ‘वधस्तंभ’ आणि ‘क्रूस’ यांतला फरकही असाच कामी येतो. अर्थ एकच, पण एक चार अक्षरांचा आणि दुसरा दोन. जागा बघून निवडा, उगाच ‘तो वधस्तंभ’, ‘हा वधस्तंभ’ करत भरती घालू नका.

चालीची उंची सांभाळा. न शिकलेल्या आवाजांना कीबोर्डवरच्या खालच्या ‘ए’पासून वरच्या ‘डी’पर्यंत साधारण सोयीचं जातं, बायका त्या सप्तकात आणि पुरुष त्याच्या खालच्या. त्यावर गेलात की मागची चार बाकं गप्प होतात. सर्वांत वरच्या सुरावर ‘आ’ किंवा ‘ओ’ येऊ द्या, ‘ई’ आणि ‘ऊ’ तिथे चिरकतात. संथ चालीत आठ-दहा अक्षरांनंतर श्वासाला जागा हवी, आणि ती शब्दाच्या मध्ये पडता कामा नये. हे तपासायला वाद्य लागत नाही. टेबलावर हाताने ठेका धरा आणि शब्द नुसते वाचा. हात पडताना लघू आला किंवा हात उचलताना गुरू आला की त्या अक्षराखाली खूण करा. चार ओळींत तीनपेक्षा जास्त खुणा झाल्या तर ठिगळं लावू नका, ओळ नव्याने लिहा.

गीतांबद्दल एवढं पुरे. मननाकडे आणि नाटुकल्यांकडे येऊ, तिथे दोष वेगळ्या जातीचे असतात.

मननाचा नेहमीचा दोष म्हणजे गर्दी. ३०० शब्दांत सात वचनं आणि चार उपदेश. मी ३०० शब्दांना एकच वचन घेतो, ८०० शब्दांच्या लेखातही फार तर दोन. वचन निवडलं की त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं वाचायची. हे केलं नाही तर काय होतं त्याचं ठळक उदाहरण म्हणजे ‘पैसा सर्व पापांचं मूळ आहे असं बायबल म्हणतं’. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (६:१०) द्रव्याचा लोभ म्हटलंय, द्रव्य नव्हे. एका शब्दाच्या फरकाने लेखाचा रोख बदलतो, आणि दुकानदार वाचकाच्या मनातून तुम्ही उतरता.

नाताळच्या नाटुकल्यांत तर पाठ करून आलेल्या चुका असतात. बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांची संख्या मत्तय सांगत नाही, तीन आहेत त्या भेटवस्तू. ते राजे होते असंही तो म्हणत नाही, आणि ते येतात ते घरात, गव्हाणीपाशी नव्हे (मत्तय २:११). गव्हाणी लूकमध्ये आहे आणि तिथे मेंढपाळ आहेत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ९व्या अध्यायात पौल जमिनीवर पडतो, पण घोडा कुठेही नाही, तो नंतर चित्रकारांनी दिला. उत्पत्तीत फळ आहे, सफरचंद नाही. मग्दालिया मरीया वेश्या होती असं कुठलंच शुभवर्तमान सांगत नाही. लूकच्या ७व्या अध्यायातली पापी स्त्री बिननावाची आहे, दोघींना नंतरच्या परंपरेने एक केलं. रंगमंचावर तीन राजे आणायचे असतील तर जरूर आणा, मुलांना मुकुट घालायला आवडतात. फक्त ही परंपरा आहे, वचन नाही, हे लिहिणाऱ्याला माहीत असावं. परूशांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी गटाला, खलनायक करतानाही जपून. निकदेम परूशी होता, पौलही होता. सगळे परूशी दाढी कुरवाळत हसणारे दाखवले की नाटक स्वस्त होतं आणि एका समाजाची टर उडते, हे दोन्ही नको.

संवाद प्रमाण मराठीतच हवेत असं नाही. वसईतल्या मेंढपाळाने तिथल्या कुपारी समाजाच्या ढंगात बोललं आणि नगरकडच्याने नगरी हेल काढला तर सभागृह जागं होतं. देवदूत मात्र पुस्तकी बोलला तरी चालतो, तो परगावचाच आहे.

साक्षीच्या, म्हणजे देवाने आपलं आयुष्य कसं बदललं ते सांगणाऱ्या, लेखांत तोल बिघडतो. पूर्वायुष्य दोन पानं, बदल एका ओळीत: ‘आणि मग प्रभूने मला स्पर्श केला.’ वाचकाला नेमकं तेच बघायचं असतं आणि तिथेच पडदा पडतो. दुसरं म्हणजे ‘मी पापात जगत होतो’ यातून काहीच कळत नाही. ‘पगार सात तारखेला व्हायचा आणि दहाला खिशात बसभाडंही नसायचं’ यातून कळतं. बदलही तशाच मापाने दाखवा: आता वीस तारखेला काय असतं? उत्तर ‘तेव्हाही ओढाताणच, पण उधारी बंद झाली’ असं असेल तर तसंच लिहा, वाचक त्यावर जास्त विश्वास ठेवतो. साक्षीत दुसऱ्या माणसाचं व्यसन, आजार, भांडण येत असेल तर छापण्याआधी तो भाग त्याला वाचून दाखवा, नवरा-बायको असलात तरी. आजार बरा झाल्याचं लिहीत असाल तर कोणता आजार, काय उपचार चालू होते, आता डॉक्टर काय म्हणतात हे असू द्या. औषध थांबवल्याचं कौतुक छापू नका. कोणीतरी वाचून इन्सुलिन बंद करू शकतं.

आता उजळणीची पद्धत, कारण हे सगळं पहिल्या खर्ड्यात सांभाळायचा प्रयत्न केलात तर एक ओळही पुढे सरकणार नाही. पहिला खर्डा मोकळा लिहा. लेख असेल तर आठवडाभर आणि गीत असेल तर महिनाभर बाजूला ठेवा. मग मोठ्याने वाचा. पेन्सिलीने महान, अद्भुत, अपार, पवित्र, गौरवशाली या विशेषणांना गोल करा आणि एकेक काढून बघा. काढल्यावर काही हललं नाही तर ते तिथे नकोच होतं. माझ्या अनुभवात दहापैकी आठ जातात. उरलेल्या दोनांना मग वजन येतं. वचनांचे संदर्भ ग्रंथ उघडून तपासा, आठवणीवर विसंबू नका, अध्याय बरोबर आणि वचन चुकीचं ही रोजची गंमत आहे. शुद्धलेखन अगदी शेवटी. आधी केलंत तर सुबक झालेलं वाक्य कापायला जीव होत नाही.

वर्षाला बारा गीतं लिहिलीत तर तीन ठेवा. दर रविवारी नवं गीत हवं असा आग्रह असेल तर सरळ नाही म्हणा, जुनं चांगलं गीत परत गाण्यात कमीपणा नाही.

वाचक तीन हवेत: एक मंडळीतला जाणता, एक शाळकरी मूल आणि एक तुमची ती मैत्रीण. जाणता शास्त्रातली चूक पकडतो, मूल कंटाळ्याची जागा दाखवतं. मैत्रिणीला मात्र ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, त्यावर ‘छान’च येणार, ती सभ्य आहे. लेख कागदावर छापून द्या, सोबत पेन्सिल द्या, आणि जिथे लक्ष उडालं तिथे समासात एक उभी रेघ मारायला सांगा, कारण द्यायची गरज नाही. रेघ जिथे आली तिथली ओळ लगेच बदलायला घेऊ नका. तिच्या वरच्या दोन-तीन ओळी वाचा. बिघाड बहुधा तिथे असतो, वाचणारा थोडा पुढे येऊन थांबलेला असतो.